शेवटची बादली

सायकलची घंटा आपोआप वाजत होती. उद्धव तेव्हा चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर डीडीटी पावडरीची पिंपं उतरवून घेत होता आणि त्याची सायकल बाहेर भिंतीला टेकून उभी होती. कुणी मुद्दाम वाजवली तर घंटा थांबत थांबत वाजते. ही थांबत नव्हती. बारीक, एकसुरी किणकिण. तो वैतागून बाहेर आला. सायकलच्या पुढच्या चाकाशी एक माणूस उकिडवा बसला होता. त्यानं चाकावरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि तो कापत होता. त्याच्या अंगातली थंडी लोखंडातून वर चढून घंटेपर्यंत पोचली होती. भाद्रपदातलं लख्ख ऊन पडलं होतं, शेजारी टांग्याचा घोडा घामानं चकाकत होता आणि हा घोंगडीत गुरफटून कुडकुडत होता. मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर झाल्यापासून असा थंडीताप उद्धवनं इतक्या ठिकाणी पाहिला होता की त्यात आता नवल उरलं नव्हतं. तरी तो आवाज त्याला ऐकवेना. हात पुढे करून त्यानं आधी घंटाच धरली. ती गप्प झाली. मग त्याला वाटलं, हे आपण काय केलं.

"कुठला रे तू?"

"म्हाळुंग्याचा, साहेब. कोंडीराम. हितं पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर हाय."

"म्हाळुंग्याला तर आम्ही फवारणी केलीय. पावसाच्या तोंडाला. घर न् घर."

"केलीया की. तुमीच आलतासा." त्याचे दात एकमेकांवर आपटत होते, त्यामुळे शब्द तुटून येत होते. "पन आमच्या वाड्यात नुसतं पानी व्हतं त्ये."

हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. पाऊस आला होता, बाजरी बरी आहे, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. उद्धवनं पिशवीतून गोळ्या काढून दिल्या. त्यानं त्या पाण्याशिवायच गिळल्या, तोंड वाकडं केलं, आणि उठता उठता घोंगडीच्या टोकानं सायकलचा दांडा पुसला. "हात लागला तुमच्या सायकलीला," असं पुटपुटून तो पिंपरीच्या रस्त्याला लागला. तिकडे औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. दुपारनंतर घाम सुटून ताप उतरला की तो पुन्हा पाटी उचलणार होता.

गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत उद्धव जेवायला बसला तेव्हा ते पाणी त्याच्या डोक्यात होतं. सावित्रीबाईनं, त्याच्या बायकोनं, आमटी वाढली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "पातळ झालीय का? वन्सं आल्या होत्या अचानक. तांब्याभर पाणी वाढवलं." त्याला आई दिसली. कऱ्हाडजवळच्या त्या घरात पाहुणे आले की आई अशीच आमटीत पाणी घालायची. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं. पुरवठ्याला आणायचं म्हणजे पाणी आलंच. पण आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, मग सासुरवाशिणी, आणि सगळ्यांच्या शेवटी न्हाणीजवळच्या कोपऱ्यात बोडकी आत्या बसायची. तिच्या वाटीत डाळीचा कण नसायचा, नुसतं हळदीचं पाणी. आत्याला त्यांनी उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. रोज दोन्ही वेळा तिचं पान मांडलं जात होतं. ती खंगत गेली आणि गेली, तेव्हा सगळे म्हणाले, तिच्या अंगाला अन्नच लागत नव्हतं. लहानपणी त्याला हे खरं वाटलं होतं. आता जेवणाच्या पाटावर बसून तो म्हाळुंग्याची फवारणी आठवू लागला आणि ती त्याला हवी होती त्यापेक्षा स्पष्ट आठवू लागली. सकाळी पाटलाच्या वाड्यापासून सुरुवात. बादलीत पावडर कालवली की ताकासारखं दाट, पांढरं पाणी व्हायचं. मग वरची आळी, सुताराचं घर, माळ्यांची घरं. दिवसाची पावडर ठरलेली. दुपार टळली की पथकाचा मुकादम बबनराव बादलीत डोकावायचा, आणखी पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "होऊन जाईल." ओढ्यापलीकडच्या महारवाड्यात पथक पोचायचं तेव्हा सूर्य डोंगराला टेकलेला असायचा, माणसांचे हात भरून आलेले असायचे. तोवर उद्धव पाटलाच्या ओट्यावर बूट काढून चहा पीत बसलेला असायचा. एकही घर सुटलेलं नसायचं. कुणी ठरवून काही केलेलं नव्हतं, आणि हेच त्याला जास्त बोचत होतं. ठरवलेलं असतं तर कुणाला तरी धरता आलं असतं.

दुसऱ्या फवारणीच्या आधी तो एकटाच सायकलवरून म्हाळुंग्याला गेला. मोशी मागे पडली, इंद्रायणी ओलांडली, पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी छातीएवढी उभी होती आणि गाडीच्या चाकोऱ्यांत साचलेलं पाणी उन्हात चमकत होतं. गावात न जाता तो आधी ओढ्यापलीकडे गेला. कोंडीराम घरीच होता, ताप पुन्हा आल्यामुळे बांधकामावरच्या मुकादमानं त्याला कामावरून परत धाडलं होतं. बाहेर त्याची बायको सगुणाबाई शेण थापत होती. तिला दिवस गेलेले होते, सातवा असावा. डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक होत्या आणि उठताना तिनं भिंत धरली. उद्धव त्या भिंतीकडे पाहत राहिला. पाटलाच्या वाड्यात अजून भिंतींवर पीठ सांडल्यासारखे डाग होते, हे त्याला माहीत होतं. इथं माती मातीच्याच रंगाची होती. त्यानं बोट ओढून पाहिलं. काही लागलं नाही. महारवाड्यातली पोरं भोवती जमली तशी त्यानं एकेकाच्या बरगडीखाली डावीकडे हात घालून पाहिलं. प्रत्येक पोटात हिवतापानं सुजलेली पानथरी, प्लीहा, हाताला लागत होती, घट्ट, एखादी आंब्याची कोय चामड्यात शिवून टाकावी तशी. त्यांना गुदगुल्या होत होत्या आणि ती हसत होती.

"या खेपेला आधी तुमच्याकडून सुरुवात करतो," तो म्हणाला. वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला बरं वाटलं. सायकल चालवताना हेच ठरत आलं होतं बहुतेक.

सगुणाबाईनं हात धुतले. "नगा करू तसं."

"का?"

"आमच्या घरातनं निगालेला पंप गाव चुलीपाशी ईऊ दील व्हय? म्हनतील, आमीच सायबाला लावून दिलं. तुमी सायकलीवर बसून जाल. आमाला हितंच ऱ्हायाचंय. बाजरी काढायला पाटलाच्याच रानात जायचंय." ती जरा थांबली. मग सौदा करावा तसं म्हणाली, "आमचा वाटा सकाळीच येगळा काढून ठिवा. या शेवटीच. पन दाट आना."

आतून घोंगडीखालून कोंडीराम बोलला. "येऊ द्या त्येंना आदी. कवा तरी, येक डाव तरी आमच्याकडनं सुरू हू द्या."

"तुमाला काय जातंय बोलाया? तुमी पिंपरीला जाता."

"मग तूबी चल."

"या असल्या पोटानं?"

हे त्यांचं जुनं भांडण होतं, आणि आपण त्यात उंबऱ्यावर उभे आहोत, हे उद्धवच्या लक्षात आलं. परतताना पूर्ण वाटभर तो सगुणाबाईच्या बोलण्याकडे वळत होता आणि पुन्हा कोंडीरामकडे येत होता. तिचं म्हणणं होण्यासारखं होतं. एक डबा बाजूला काढायचा, झालं. कुणाला कळलंही नसतं. पण कुणाला कळू नये म्हणून दाट औषध लपवून न्यायचं, हे त्याला खाली मान घालून चालण्यासारखं वाटत होतं. मान कुणाची, त्याची की तिची? कोंडीरामच्या 'येक डाव तरी' या शब्दांनी त्याला पकडलं होतं. त्यात किती न्याय होता आणि किती स्वतःची ऐट, हे त्याला त्या दिवशी वेगळं करता आलं नाही. पुढेही कधी नीट करता आलं नाही.

दुसऱ्या फवारणीच्या पहिल्या दिवशी त्यानं पथक सरळ ओढ्यापलीकडे नेलं. बबनराव बादली खाली ठेवून उभा राहिला. "साहेब, आपलं काम औषध मारायचं. हे दुसरंच काहीतरी चाललंय."

"औषधच मारतोय, बबनराव. कालवा."

"उद्या गावात कोण घेईल आपल्याला?"

"उद्याचं उद्या. दाट कालवा."

बबनराव वाईट माणूस नव्हता. कालवायला लागला की नीट कालवायचा, तळापासून. त्या दिवशी उद्धव कुठल्याही ओट्यावर बसला नाही. प्रत्येक घरातून गाडगी-मडकी बाहेर निघाली, पंपाचा दांडा वरखाली होऊ लागला, आणि अंधाऱ्या खोल्यांच्या भिंती ओल्या होऊन मग हळूहळू वाळत पांढऱ्या होत गेल्या. उग्र, गोडूस वास कोंदला. कोंडीराम अंगात ताप असताना उठून आला आणि भिंतीवर तळहात टेकवून त्यानं तो पाहिला. हाताला पीठ लागलं होतं. "ह्ये खरं," तो म्हणाला. सगुणाबाई ओढ्याकडे तोंड करून बसली होती. पलीकडच्या काठावर गावातली दोनतीन माणसं येऊन उभी राहिली होती, पाहून गेली होती. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा पाटील ओट्यावर वाट पाहतच बसले होते. त्यांनी उद्धवला बसा म्हटलं नाही. आवाज मात्र चढवला नाही.

"इन्स्पेक्टर, तुमी शिकलेली मानसं. काल तिकडनं आनलेला पंप आज माज्या देव्हाऱ्यापाशी न्येनार?"

"पंप सरकारचा आहे, पाटील. औषध तेच. आता तर शिवाशिवीविरुद्ध कायदाही—"

"कायदा तुमच्या कचेरीत. हितं चूल हाय. आमच्याकडं मारू नका. गावच मारून घेणार न्हाई."

उद्धव उभाच होता. गाव फवारणीवाचून राहिलं असतं तर तापही राहिला असता. डास ओढा ओलांडताना कुणाची जात विचारत नाहीत, आणि पांढऱ्या भिंतींचा महारवाडा तापानं भरलेल्या गावाच्या कुशीत किती दिवस टिकणार होता? त्याच्या मनात एक भाषण तयार होत होतं आणि ते कुणीही ऐकणार नाही हेही त्याला कळत होतं. तेवढ्यात दाराच्या आतून पाटलांची आई, अंबूबाई, खेकसली.

"तात्या, रातभर पोरं खाजवत्यात ढेकनानं! गेल्या टायमाला मारलं तवा दोन म्हयनं ढेकून नव्हता. मारू दे त्याला."

"आई, तू आत हो."

"आतच हाय मी. आतच ढेकून हायती. तू ओट्यावर निजतोस, तुला काय कळतंय? एवढंच आसंल तर गोमूत्र शिंपडा पंपावर आन घ्या आत."

असं ते मिटलं. म्हातारीच्या सुनेनं तांब्यातून गोमूत्र आणलं आणि गावासमोर पंपावर, नळीवर, बादलीवर शिंपडलं. बबनरावानं मान वळवून हसू दाबलं. उद्धव हाताची घडी घालून पाहत राहिला. आपण नाही म्हणायला हवं, असं त्याला वाटत होतं. आणि नाही म्हटलं तर एवढी घरं सुटतील, हेही वाटत होतं. पितळी नळीवरून थेंब ओघळले. काल ज्या घरांत हा पंप गेला होता ती घरंच कुणीतरी पंपावरून पुसून काढत आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि तरी तो हलला नाही. दुपारपर्यंत आळी पूर्ण झाली. या वेळी शेवटची बादलीही पहिल्यासारखीच दाट होती, कारण ती कालवताना तो शेजारी उभा होता. काम म्हणाल तर असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. परतताना ओढ्याकडे पाहायचं त्यानं टाळलं.

महिन्याभरात पुण्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. "उद्धवराव, तुमचा हेतू मला कळतो. पण लोकांचं सहकार्य तुटलं तर सगळी योजनाच बसते. पाटलांचं गाऱ्हाणं वरपर्यंत गेलंय." उद्धव म्हणाला, महारवाड्यात या महिन्यात नवा ताप नाही. साहेब म्हणाले, उत्तम आहे, आणि म्हाळुंग्यासकट चाकणची बाजू त्याच्याकडून काढून त्याला चिंचवड-पिंपरीची बाजू दिली. सावित्रीबाईला आनंद झाला. "बरंच झालं. उन्हातान्हातली ती लांबची सायकल तरी सुटली." तिच्या आनंदात तो थोडा सामीलही झाला. गोष्ट चांगली झाली की वाईट, हे एका वाक्यात सांगता येत नाही अशा वेळी माणूस जेवतो, झोपतो, चपला झिजल्या की नव्या घेतो. त्यानं तेच केलं. कधी कधी रस्त्यात सायकलवर असताना त्याला 'नगा करू तसं' एवढेच शब्द ऐकू यायचे, चेहऱ्याशिवाय, आणि तो जोरात पाय मारायचा.

माघात तो पिंपरीला कारखान्याच्या मागच्या बाजूनं चालला होता. सोबत बबनराव होता. तोही आता याच बाजूला आला होता. बांधकामावरच्या मजुरांनी नाल्याच्या काठानं पालं ठोकली होती, पोत्यांची, फाटक्या ताडपत्रीची, डांबराची पिंपं उलगडून केलेल्या पत्र्यांची. एका पालासमोर चुलीपाशी सगुणाबाई बसली होती. मांडीवर मूल होतं. त्याला ओळखायला तिला वेळ लागला नाही. त्याला मात्र लागला, कारण तिच्या डोळ्यांच्या कडा आता पांढऱ्या नव्हत्या.

"तू इथं कशी?"

"बाजरीला बोलावलं न्हाई पाटलांनी. ज्वारीलाबी न्हाई. मग काय करायचं तिथं? आलो हिकडं." पोराच्या तोंडावरची माशी तिनं हाकलली. "ताप मात्र न्हाई आला परत. हा बी गुटगुटीत निगाला. सुईण म्हनली, पयली दोन ग्येली तसा ह्यो जात न्हाई."

"माझ्यामुळे—" त्यानं सुरुवात केली.

"तुमच्यामुळं काय? ह्येंनाबी तसंच पायजे व्हतं." ती कारखान्याकडे हनुवटी करून म्हणाली, कोंडीराम तिकडे कामावर होता. "घर हाय तिकडं, पांढरंफेक. कुलूप घातलंय. डास न्हाई, ढेकून न्हाई. आन आमी हितं नाल्यावर." ती हसली. त्या हसण्यात राग किती आहे हे शोधायचा त्यानं प्रयत्न केला. असलाच तर तो तिचा तिच्यापाशी होता. त्याला त्यातला वाटा ती देत नव्हती.

"या पालांना औषध मारलं होतं का?" त्यानं बबनरावाला विचारलं.

"ही कुठं घरं आहेत साहेब? घराला नंबर लागतो. नंबर नाही तिथं पावडर नाही. आणि मारायचं कशावर? भिंत तर पाहिजे!"

ते खरं होतं. औषध भिंतीवर मारायचं, डास भिंतीवर बसतो, मरतो. सगळी योजना भिंतीवर उभी होती. उद्धवनं पोत्याला हात लावला. आतून ते धुरानं काळं आणि चिकट झालं होतं. गोणपाट पाणी पिईल, पण पावडर धागेदोऱ्यांत अडकून राहील, कदाचित चांगली राहील. पत्र्यावर राहणार नाही. करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. साहेबांना काय सांगायचं ते नंतर. आज बबनरावाजवळ पंप होता, बादली होती, पावडर होती, नाल्याकाठी पालांची रांगच्या रांग होती, आणि संध्याकाळच्या सुट्टीचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. बबनराव त्याच्या तोंडाकडे पाहून काय ते समजला आणि न बोलता पावडरीचा डबा उघडायला लागला.

या वेळी उद्धव लगेच पुढे झाला नाही. त्यानं सगुणाबाईला विचारलं, "मारू का? आणि मारायचं तर कधी, कुठून? तू सांगशील तसं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग रांगेकडे. तिला वेळ लागत होता, आणि त्यानं तो लागू दिला. शेवटी ती म्हणाली, "समद्या बाया कामावर हायत. त्येंच्या माघारी त्येंच्या पालात शिरू नका. भोंगा झाल्यावर मी सांगते येकेकीला. तवर माजं करून घ्या, म्हंजी बघतील तरी त्या, काय व्हतंय त्ये."

ती उठली आणि तिनं मूल सरळ त्याच्या हातात दिलं. "धरा. सामान काढते." तो गडबडला, पोर जड होतं, गरम होतं, पण ती गरमी दूध प्यालेल्या अंगाची होती. सगुणाबाई वाकून आत गेली. तवा आला, पितळी आली, पिठाचं गाडगं आलं. दोरीवरची लुगडी आली, कोंडीरामची टोपी आली, घोंगडी आली. मग एक पाटा, मग वरवंटा. मग कापडात बांधलेलं बियाणं, ते तिनं उन्हात नेऊन ठेवलं. आरशाचा एक तुकडा. एक पाळण्याची दोरी. एवढ्याशा पालात एवढं सामान असेल असं उद्धवला वाटलं नव्हतं. बबनराव पंप घेऊन अधीर होऊन उभा होता.

"झालं का गं?"

"थांबा की," ती आतून म्हणाली. "घर हाय माजं. येळ लागतो."

उद्धव पोराला खांद्यावर घेऊन उभा राहिला.